जिप्सी ट्रकवर, आम्ही मागे: पुणे ते सत्तरी

मी मूळचा गोव्यातल्या साखळी गावचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. दर पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात चुलतभावाच्या ओळखीच्या एका काजूच्या बागेत आम्ही जीप घेऊन दोन दिवस चिखल तुडवतो. आतापर्यंत माझी मारुती जिप्सी चालवत नेत होतो. यंदा जुलैत पहिल्यांदाच ट्रकवर घालून नेली आणि आणली. ज्यांना आपली गाडी अशी लांबवर न्यायची आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. ट्रेलपेक्षा, म्हणजे बागेतल्या चिखलवाटेपेक्षा, वाटेतल्या चारशे किलोमीटरनेच मला यंदा जास्त शिकवलं.

चालवत का नेली नाही? मड टायर तापल्या डांबरावर भराभर झिजतात, कॅनव्हासच्या टपातून पाऊस आत येतो, आणि चारी बाजूंना पाट्यांची स्प्रिंग असल्यामुळे कोल्हापूर येईपर्यंत कंबर बोलायला लागते. पण खरं कारण वेगळं आहे. चालवत गेलं की दोन्ही दिवस डोक्यात एकच भुंगा असतो: काही तुटलं तर घरी कसं जायचं? मग चढावर अवघड ओळ समोर दिसत असूनही आपण सोपी धरतो. ट्रक ठरलेला असला की हा भुंगा जातो.

आधी विचार ट्रेलरचा होता. मित्राचा पिकअप होता, एकाच्या शेतावर ट्रेलरही होता. तो बघून आलो आणि नाही म्हटलं. ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःचा नंबर आणि विमा लागतो, ते एक. दुसरं म्हणजे त्या ट्रेलरला ब्रेकच नव्हते. जिप्सी साधारण एक टनाची, वर ट्रेलरचं वजन. एवढा बोजा घाटउतारावर मागून ढकलत असेल तर पिकअपच्या एकट्याच्या ब्रेकवर तो थांबवावा लागतो. सपाटीला जाणवत नाही, तिसऱ्या वळणावर जाणवतं. तुमच्याकडे ब्रेकवाला, कागदपत्रं चोख असलेला ट्रेलर असेल तर जरूर न्या. फक्त एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येईल अशा बेताने गाडी पुढे-मागे सरकवून उभी करा. भार मागे गेला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की वेग वाढवून तो सरळ होत नाही, जास्तच बिघडतो. पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं.

आम्ही हायड्रॉलिक बेडचा, म्हणजे मागचा सपाट पत्रा खाली कलता येणारा ट्रक घेतला. बेड किती फुटी आहे हे आधी विचारा. जिप्सीची लांबी ४०१० मिलिमीटर, म्हणजे साधारण तेरा फूट दोन इंच. चौदा फुटी बेडवर ती मावते, पण पट्टे तिरके ओढायला पुढे-मागे जागाच उरत नाही. सतरा फुटी घेतला ते बरं झालं. भाडं ठरवताना परतीची रिकामी फेरी धरलीय का, हे स्पष्ट बोलून घ्या. गोव्यात माल उतरवून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर पैशात बराच फरक पडतो, पण मग दिवस त्यांच्या सोयीचा, आपल्या नाही.

विम्याची पॉलिसी काढून एकदा नीट वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काही मिळणार नाही. आणि शर्यत, वेगाची चाचणी वगैरे प्रकार पॉलिसीतून वगळलेले असतात, म्हणजे स्पर्धेला जाणाऱ्यांनी वेगळी चौकशी करायची. ज्यांनी टायर, चासिस, बॉडी बरीच बदललीय त्यांनी हेही लक्षात ठेवावं की कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशी गाडी रस्त्यावर चालवण्याचा प्रश्नच येऊ नये, ती ट्रकवरूनच न्यावी. आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती ट्रकच्या केबिनमध्येही ठेवा. आमच्याकडे एक संच ड्रायव्हरमामांकडे होता, एक आमच्याकडे.

रात्री दहाला वारज्याहून निघालो. ट्रक पुढे, पिकअपमधून आम्ही तिघे मागे. पावसात बेडचा पत्रा साबणासारखा होतो, त्यामुळे गाडी चालवत वर चढवू नका, ट्रकच्या विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढून घ्या. तोंड पुढे ठेवा. उलटी ठेवली की वारा बॉनेटच्या फटीत शिरतो. कॅनव्हासचा टप काढून, गुंडाळून आत ठेवला होता. बॅटरीची वायर सोडली, हँडब्रेक ओढला, पहिला गियर आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गियर) टाकला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. टायरची हवा ट्रेलवर कमी करायची असते, ट्रकवर पुरती ठेवायची.

पट्टे मात्र मामांच्या मदतनिसाने बांधले आणि मी बघत उभा राहिलो. चार रॅचेटचे पट्टे, चारही चासिसला, अगदी ताणून. जिप्सी दोन इंच खाली बसली, मला वाटलं आता हलत नाही. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर उतरून पाहिलं, दोन पट्टे ढिले. निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये पट्टे बसतात, ते परत ओढावेच लागतात, असं मामा म्हणाले. ओढले. किणीला चहाच्या वेळी पुन्हा बघितलं, ठीक वाटलं.

निपाणीच्या पुढे संकेश्वरहून आजऱ्याकडे वळलो. साखळीला जायचं तर जवळचा रस्ता बेळगाव–चोर्ला. चोर्ला उतरला की अंजुणे धरण, केरी, की आमचं गाव. पण मुसळधार पावसात, अंधारात, भरलेला ट्रक त्या वळणांवर घालायला मामा तयार नव्हते आणि मला ते पटलं. पावसाळ्यात घाटांवर अवजड वाहनांना बंदीचे आदेशही निघतात. निघायच्या दिवशी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, आठवडाभरापूर्वीच्या माहितीवर जाऊ नका.

आजऱ्याला पहाटे थांबलो. पाऊस बारीक होता. टॉर्च घेऊन मी बेडच्या मागच्या बाजूला गेलो तर डाव्या पट्ट्याचा हूक चासिसमधून निसटून पत्र्यावर पडलेला. पट्टा सापासारखा लोळतोय. मागचं डावं चाक ठोकळ्यावर अर्धं चढलेलं, आणि टायर आणि बेडची कड यांच्यात उरलं होतं चार बोटं अंतर. मी बोटं घालून मोजलं. गाडी बाहेरच्या बाजूला सरकत होती आणि आम्ही मागून ऐंशी किलोमीटर दिवे बघत येत होतो, कुणालाच कळलं नव्हतं.

मामा खाली वाकले, टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "चासिसला बांधलंय ना, म्हणून. खड्ड्यात गाडी दबती, पट्टा ढिला पडतो, हूक सुटतो. ॲक्सलला बांधायला पायजे."

बरोबर होतं ते. चासिस स्प्रिंगच्या वर असते. प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग दबली की चासिस खाली येते, पट्ट्यातला ताण क्षणभर शून्य होतो, आणि तेवढ्या क्षणात उघडा हूक निसटतो. चाक किंवा ॲक्सल बांधला की वरची बॉडी हवी तेवढी नाचू दे, पट्ट्याला पत्ताच लागत नाही. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल असल्यामुळे हे सोपं आहे. पट्टा स्प्रिंग आणि डिफरन्शियलचा गोळा यांच्या मधल्या नळीवरून घ्यायचा. मागच्या ॲक्सलवरून ब्रेकची बारीक पाइप जाते, ती पट्ट्याखाली येऊ द्यायची नाही. आली तर घाट उतरताना नव्हे, ट्रेलवर पहिला ब्रेक दाबताना कळेल. मी पावसात चिखलावर पाठ टेकून आत शिरलो, चारही पट्टे ॲक्सलवर घेतले, मागचे दोन फुलीत ओढले म्हणजे गाडी आडवी सरकणार नाही, आणि जिथे पट्टा लोखंडाच्या धारेवर येत होता तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. अर्धा तास गेला. नायलॉनची दोरी यासाठी वापरू नका, ओली झाली की ताणत जाते. पट्टे पॉलिस्टरचे घ्या. उघडा हूक असेल तर त्याला खिटी किंवा निदान तार गुंडाळा. आणि काही झालं तरी हे काम दुसऱ्यावर सोपवून बाजूला उभे राहू नका. मी राहिलो होतो.

त्यानंतर साखळीपर्यंत दर तासाला बघितलं, पट्टा तसूभर हलला नाही.

आंबोली सकाळी सातच्या आत ओलांडली. जुलैतल्या शनिवार-रविवारी धबधब्याजवळ गर्दी अशी असते की ट्रक तासन्‌तास अडकतो, म्हणून आडवार पकडा आणि लवकर निघा. उतारावर मामांनी ज्या गियरमध्ये चढले असते त्याच गियरमध्ये ट्रक उतरवला, ब्रेकला पाय अगदी थोडा. दाणोलीला थांबून चाकांजवळ हात नेऊन पाहिला, ड्रम कोमट होते. बांद्याला हायवे सोडून दोडामार्गमार्गे डिचोली धरली. पत्रादेवी, म्हापसा असा मोठा रस्ताही आहे. अंतर जास्त, पण रुंद. आमच्या रस्त्यावर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या खाली येतात. ट्रकचा बेड अधिक गाडीची उंची मोजून कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. तार उचलायला बांबू घेऊन कुणालाही वर चढवू नका. आम्ही साखळीच्या अलीकडे रुंद जागा बघून जिप्सी उतरवली आणि पुढचा रस्ता चालवत गेलो.

बागेबद्दल एवढंच सांगतो की ती खाजगी आहे, मालकांची परवानगी होती, आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. हे अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि गावांना, बागांना अगदी लागून हद्द जाते. जंगलात वाट दिसली म्हणून गाडी घालायची नाही. समुद्रकिनाऱ्यावर तर गोव्यात गाडी चालवायला बंदीच आहे. दरवर्षी कुणीतरी भाड्याची गाडी वाळूत रुतवतं आणि मग आपल्यासारख्या सगळ्यांकडे गावकरी त्याच नजरेने बघतात. कुळागराचे (पोफळी-नारळाच्या बागेचे) पाट तुडवले, पोफळीला विंचचा दोर बांधला, तर पुढच्या वर्षी तुम्हाला आणि आम्हालाही दार बंद.

दोन दिवस भरून पाऊस. जांभ्याचे दगड ओले झाले की त्यावर शेवाळ धरतं, टायरची हवा पंधरा-सोळा पीएसआयवर आणली तेव्हा कुठे पकड आली. जळवांसाठी पायमोज्यांत तंबाखू घातली होती. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे ताजं नुस्तं (मासळी) नाही, पण काकूने उकड्या तांदळाच्या भातावर वाढलेलं खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) पुण्यात बसून आठवायचं नाही असं ठरवूनही आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, जुन्या महिंद्रा जीपचा क्लच गेला. साखळीचं गॅरेज गाठायचं होतं, ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. "दादा, तू स्टिअरिंगला बस, मी ओढतो," असं ठरलं. क्लच गेला तरी इंजिन चालतं, म्हणून न्यूट्रलमध्ये इंजिन चालूच ठेवलं, दिवे मिळाले. पॉवर ब्रेक असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण इंजिन बंद असलं की पेडल दगडासारखं होतं. इंजिनही बंद असेल तर निदान किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवा. दोर दोन्हीकडे चासिसच्या टो पॉइंटला, डी-शॅकलने. ट्रेलरच्या हुकाच्या गोळ्याला दोर कधीच लावू नका. तो झटक्यात तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो. चिखलातून उपसताना वापरतो तो ताणणारा दोर रस्त्यावर नको, जीप मागे-पुढे हिसके खाते.

नियमानुसार दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत लागतं आणि मागच्या गाडीवर 'ऑन टो' अशी पाटी. दोर लोकांना दिसावा म्हणून मधोमध लाल फडकं बांधलं. वेग ताशी २५ च्या खाली. ओढणारा पुढे ब्रेक दाबतो तेव्हा मागच्याने आधीच किंचित दाबून दोर ताठ ठेवायचा, ही सगळी कला मागच्याची. दादाने ती उत्तम सांभाळली. एका उतारावर त्याने हॉर्न दिला, मी थांबलो, त्याने उतरून ब्रेक थंड होऊ दिले आणि मग निघालो. खुणा आधी ठरवा: एक हॉर्न थांब, दोन हॉर्न चल. बंद पडलेल्या गाडीला असं ओढणं ठीक. चांगली चालणारी फोर-व्हील दोरीने लांब ओढत न्यायची कल्पना काही जण मांडतात, ती कायद्यातही बसत नाही आणि ट्रान्सफर केसलाही (चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरच्या डब्यालाही) सोसत नाही.

परतताना पट्टे मी स्वतः बांधले. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरची वळणं आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडचा लांब उतार, या दोन जागी भरलेल्या ट्रकांचे ब्रेक गेल्याचे अपघात वारंवार झालेत. मामांना आधीच विनंती केली होती. त्यांनी कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडेच गियर खाली घेतला, तो नवले पुलापर्यंत बदलला नाही. मागून हॉर्न वाजत होते, त्यांनी वाजू दिले.

घरी उतरवल्यावर दुसऱ्याच दिवशी चारही चाकांचे ब्रेक उघडून धुतले. लाल माती आत वाळली की लायनिंग कुरतडते. मागच्या डाव्या ड्रममधून मूठभर माती निघाली. दादाच्या जीपची नवी क्लच प्लेट बसली, शनिवारी त्याने बागेपर्यंत चालवून पाहिली असं काकूने फोनवर सांगितलं.