तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या व्हिडिओंच्या डिस्क आणि कॉम्प्रेशन

"घरच्या व्हिडिओंच्या डीव्हीडींचा ढीग आहे. सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय. क्वालिटी न जाता फाइल लहान होईल असं सेटिंग सांगा." हे मला सतत विचारलं जातं. सेटिंग सांगते, पण जरा पुढे. आधी माझं ठाम मत: डिस्कची जशीच्या तशी प्रत हातात आल्याशिवाय कॉम्प्रेशनचा विचारच करू नका. जपायची प्रत वेगळी, पाहायची प्रत वेगळी.

डीव्हीडीवरचा व्हिडिओ मुळात कॉम्प्रेस केलेलाच असतो. एमपेग-२ या पद्धतीने, सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटच्या मर्यादेत तो बसवलेला असतो. दोन तासांच्या मोडमध्ये रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर तर याच्या निम्म्याच्या आसपास. तो पुन्हा दाबायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, नव्याने ठरवणार. सोडतो ते बहुतेक अंधारातलं, पार्श्वभूमीचं, कमी उठावाचं, कारण तिथे डोळा फारसा जात नाही असं त्याचं गणित. चित्रपटाला ते चालतं. घरच्या व्हिडिओत मात्र खूप वर्षांनी आपण नेमकं तेच शोधतो: मागच्या भिंतीवरचा फोटो, दाराआड उभं असलेलं कुणीतरी, कोपऱ्यातलं जुनं कपाट. शिवाय चित्रपटाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. या व्हिडिओची दुसरी प्रत नसते.

जागेची काळजी सोडा. साध्या एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. काठोकाठ भरलेल्या १०० डिस्क घेतल्या तरी ४७० जीबी, म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कची अर्धी जागाही भरत नाही. एवढ्यासाठी मूळ प्रत घालवणं मला पटत नाही.

घाई करायची ती वाचवण्याची. विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या डिस्कवर खाचा साच्यातूनच उमटवलेल्या असतात. आपण एकदा लिहिलेल्या डीव्हीडीत मात्र माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि उष्णता, ऊन, दमटपणा यांनी तो रंग हळूहळू बिघडतो. कॉम्प्रेशनच्या पद्धती दर काही वर्षांनी सुधारतात, त्यामुळे एन्कोडिंग कधीही करता येईल. डिस्क वाचण्याची संधी मात्र दर वर्षी कमी होते. चालताना अडखळणाऱ्या डिस्क सगळ्यात आधी घ्या.

चांगल्या डिस्कची संपूर्ण आयएसओ प्रत, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, काढा. मेनू, चॅप्टर सगळं त्यात येतं. मेनू नको असेल तर मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता एमकेव्ही फाइलमध्ये काढून देतं. डिस्कवरच्या फोल्डरमधल्या व्हीओबी फाइल (ज्यांत डीव्हीडीचा व्हिडिओ असतो) सुट्या उचलून ठेवू नका. त्या १ जीबीला तोडलेल्या असतात, प्रसंग मधेच चिरला जातो. व्हिडिओ सीडीचं तंत्र निराळं आहे: तिच्यातल्या व्हिडिओच्या सेक्टरची (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची) रचनाच वेगळी असल्याने साधी आयएसओ प्रत धड येत नाही, बिन-क्यू प्रत (बिन आणि क्यू अशा जोडफाइलींची) काढावी लागते. आणि त्या व्हिडिओला पुन्हा एन्कोड अजिबात करू नका. ३५२ बाय २८८ च्या चित्रात आणखी गमावण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

खराब डिस्कवर लोक फार लवकर हार मानतात, म्हणून इथे जरा थांबते. नेहमीचं कॉपी करणं एका खराब सेक्टरवर अडतं आणि सगळंच सोडून देतं. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली, की फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. प्रत्येक ड्राइव्हची नजर थोडी वेगळी असते. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही. ट्रॅकला, म्हणजे डिस्कवर गोल फिरणाऱ्या माहितीच्या रेषेला, आडवा गेलेला ओरखडा ड्राइव्हच्या चूकदुरुस्तीला सावरता येतो, ट्रॅकच्या बाजूने लांबवर गेलेला सावरत नाही.

आणखी एक: कॉम्प्युटर डिस्क 'रिकामी' दाखवतो म्हणून ती टाकू नका. रेकॉर्डिंगनंतर फायनलाइझ करायचं (दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून डिस्क बंद करायचं) राहिलेली डिस्क अशीच दिसते. ज्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यावर ती भरली तो अजून चालत असेल, तर त्यातच फायनलाइझ करून पाहा.

आता पाहायची प्रत. हँडब्रेक हे एन्कोडिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कोडेक, म्हणजे कॉम्प्रेशनची पद्धत, म्हणून मी अजूनही एच.२६४ निवडते. तो २००३ चा आहे, पण तो चालत नाही असं उपकरण सापडणं कठीण. एच.२६५ किंवा एव्ही१ ने फाइल आणखी लहान होते. मात्र त्यांचा खरा फायदा मोठ्या चित्रांवर दिसतो, डीव्हीडीच्या आकारावर तो बेताचाच. आकार किंवा बिटरेट (सेकंदाला किती माहिती) ठरवून देऊ नका, दर्जा ठरवून द्या: आरएफ हा दर्जाचा आकडा १८, एन्कोडिंगच्या वेगाचा प्रीसेट 'स्लो'. आरएफ जितका लहान तितका दर्जा वरचा, आणि साधारण ६ ने खाली आलात की फाइल दुपटीच्या जवळ जाते. अंधाऱ्या खोलीतल्या, हलत्या हाताने घेतलेल्या चित्रात दाणे खूप असतात आणि एन्कोडरला प्रत्येक दाणा नवीन वाटतो. अशी फाइल कधीकधी मूळ व्हिडिओच्या जवळपास जाते. तेव्हा हलकं डीनॉइज (दाणे कमी करणारं फिल्टर) लावा, तेही पाहायच्या प्रतीलाच. ग्राफिक कार्डावरचं एन्कोडिंग झटपट होतं, पण तेवढ्याच आकारात चित्र उणं पडतं. रात्रभर चालू द्या.

यापेक्षाही मोठा फरक डिइंटरलेसिंगने, म्हणजे एकमेकांत विणलेल्या ओळी सोडवण्याने, पडतो, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. कॅमकॉर्डरचं बहुतेक चित्रण इंटरलेस्ड असतं: पाल या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. हलत्या दृश्यावर पॉज केलं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या याच. नेहमीचं डिइंटरलेसिंग २५ फ्रेमच देतं आणि अर्धे क्षण फेकतं. धावणारं मूल मग जरासं अडखळत धावतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की जुना व्हिडिओ असाच असायचा. हँडब्रेकमध्ये बीडब्ल्यूडिफ हे डिइंटरलेसिंगचं फिल्टर निवडून त्यात 'बॉब' (प्रत्येक क्षणाची वेगळी फ्रेम) ठेवा आणि फ्रेम रेट मूळ स्रोताप्रमाणे राहू द्या. ५० फ्रेम मिळतील. एनटीएससी ही दुसरी टीव्ही पद्धत असेल तर ५९.९४. पहिल्यांदा ही प्रत दाखवली की लोक विचारतात, हा तोच व्हिडिओ का?

ऑटो क्रॉप (कडा आपोआप कापणं) बंद करा, नाहीतर कडेला उभा असलेला माणूस कापला जाऊ शकतो. चित्र मोठं करू नका, ते काम टीव्ही करतो. चित्राचं प्रमाण आहे तसं ठेवा: ७२० बाय ५७६ मधले पिक्सेल चौकोनी नसतात, ते चौकोनी धरले की माणसांचे चेहरे ओढल्यासारखे दिसतात. आवाज पुन्हा एन्कोड न करता तसाच घ्या. त्याला जागा किती लागते? चित्राच्या मानाने अगदी थोडी. आणि कॅमेऱ्यामागचा माणूस तर त्या व्हिडिओत फक्त आवाजातच असतो.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, प्रसंग. डिस्कवर हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो काढून शेजारी ठेवा. कोण कोण दिसतं ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, आणि हे ओळखणारी थोरली माणसं सोबत असताना लिहा. जपायच्या प्रतीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून ठेवा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा चेकसम ताडून पाहा. एखादी प्रत जुळली नाही तर चांगल्या प्रतीवरून ती लगेच पुन्हा करा. मूळ डिस्कही ठेवा, उभ्या, अंधारात, कोरड्या जागी.