बारक्या, उंचीची रेघ आणि एक दगड

सहलीच्या आठ दिवस आधी मी वर्गाच्या चौकटीवर खडूने एक रेघ ओढली आणि सगळ्या पोरांना एकेक करून तिच्याखाली उभं केलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. आरोग्य तपासणीची नोंद आहे, असं म्हणालो. बेचाळीसपैकी पाच जण रेघेच्या खाली राहिले. त्यातला एक बारक्या. नाव अर्थातच वेगळं आहे, पण घरापासून शाळेपर्यंत सगळे त्याला बारक्याच म्हणतात.

रेघ होती खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमधल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरची. फोन करून उंचीची अट विचारली होती. हे पाच जण त्यात बसणार नाहीत हे मला त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. कळलं तर सहलीतून नाव काढतील, पैसे परत मागतील, गाडीचं गणित बिघडेल. मास्तराचं डोकं असंच चालतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमची सहल म्हणजे आनंदवन, सेवाग्राम, रामटेक, फार झालं तर ताडोबा. यंदा पोरांनी हट्ट धरला. मोबाइलवर त्यांनी तेच रोलर कोस्टर, लाल रुळांचं नायट्रो, पाहिलं होतं, ज्यात पायाखाली फळीच नसते, पाय नुसते लोंबत राहतात. प्रस्तावात शैक्षणिक हेतू लिहावा लागतो, तो मात्र मला सहज सापडला. तिथे राजासॉरस नावाची होडीची राइड आहे, आणि आमची शाळा पिजदुऱ्यापासून सायकलीच्या अंतरावर आहे.

पिजदुरा बाहेरच्यांना माहीत नसतं. तिथल्या शेतात डायनासोरची हाडं सापडतात आणि त्यांचं दगड झालेलं शेणही सापडतं. 2005 साली याच शेणाच्या अभ्यासातून डायनासोर गवत खात होते हे जगाला कळलं. त्याआधी गवत इतकं जुनं असेल असं फारसं कोणी धरत नव्हतं. जवळच्या डोंगरगावातून निघालेल्या एका लांब मानेच्या डायनासोरला आता आयसिसॉरस म्हणतात. राजासॉरस गुजरातचा, नर्मदेच्या खोऱ्यातला, 2003 साली नाव मिळालेला, मांस खाणारा. म्हणजे आमचा गवत खाणारा आणि तिकडचा त्याला खाणाऱ्यांच्या जातीतला. शेतातले ते दगड उचलू नका, तो ठेवा आहे, हे मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी कोणाच्या तरी कंपासपेटीत एक सापडतोच.

पैसे हप्त्याहप्त्याने जमले. ‘कापूस विकला का देतो, सर’ हे वाक्य मी डिसेंबरभर ऐकलं. जानेवारीतला मंगळवार मुद्दाम निवडला. रविवार किंवा लागून आलेली सुट्टी असली की अर्धा दिवस रांगेत जातो. पण जानेवारीत शाळांच्या सहलींचाही हंगाम असतो, म्हणून ‘त्या दिवशी किती शाळा येणार आहेत’ हेही फोनवर विचारलं. हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळ्यात उपयोगी तोच असतो. एसटीने वर्धा, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस, पहाटे कल्याण, तिथून ठरवलेली बस. गाडीत बायांनी दिलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी एवढी होती की दोन शाळा जेवल्या असत्या. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून दार उघडायच्या आधी बसमध्येच सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. स्वेटरही बसमध्येच ठेवायला लावले. मॅडम म्हणाल्या, थंडी आहे. मी म्हटलं, अकरानंतर बेचाळीस स्वेटर कोण सांभाळणार? आपण दोघंच सांभाळत बसू.

मग दारावरची तपासणी. बारक्याच्या पिशवीतून पहारेकऱ्यांनी मुठीएवढा तपकिरी दगड काढला.

‘‘हे कशाला आणलंस रे? आत दगड नेता येत नाहीत.’’

‘‘दगड नोहे जी. शेण हाये.’’

‘‘कसलं शेण?’’

‘‘डायनासोरचं.’’

मागे दुसऱ्या एका शाळेची रांग उभी होती, ती अख्खी हसली. पहारेकऱ्यांना वाटलं पोरगा टवाळी करतोय. मी पुढे होऊन काही बोलणार, तोवर त्यांनी दगड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘संध्याकाळी घेऊन जा तुमचं शेण.’’ बारक्याचा चेहरा पडला. त्याला तो दगड आतल्या डायनासोरला दाखवायचा होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. आठवीतला पोरगा आहे, त्याला कळतं की आतला डायनासोर यंत्रावर हलतो. तरी दाखवायचा होता.

आत शिरल्यावर माझा तक्ता तासाभरात बाद झाला. रात्र-रात्र जागून मी नकाशावरून वेळापत्रक काढलं होतं, अमुक वाजता अमुक राइड. त्यात रांग धरलीच नव्हती, पोरांची लघवी धरली नव्हती, पाणी धरलं नव्हतं. एकाच वेळी पाच मुलींना स्वच्छतागृहात जायचं असतं आणि ते पार्काच्या दुसऱ्या टोकाला असतं, हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नसतं. दुसऱ्यांदा गेलो तर मी एवढंच ठरवीन: सकाळी दोन, जेवणानंतर दोन, संध्याकाळी एक. बाकी जे होईल ते होईल. सगळं पाहून येऊ म्हणणारा माणूस पायाचे फोड घेऊन येतो आणि काय पाहिलं ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली. दार उघडताच सगळी गर्दी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावली. आम्ही उलटीकडे गेलो, सगळ्यात लांबच्या राइड आधी केल्या आणि दुपारपर्यंत गर्दीला तोंड देत देत दाराकडे सरकलो. कोस्टर शेवटच्या तासासाठी ठेवला. तोपर्यंत कुटुंबं थकून परतायला लागतात. जेवणही बाराच्या आत उरकलं. एक वाजता तिथे जी झुंबड उडाली, ती बघून मॅडमनी पहिल्यांदा माझ्या नियोजनाचं कौतुक केलं. भर उन्हाचे दोन तास बंद खोलीतल्या, बसून बघायच्या खेळांत घालवले. दोन पोट्टे तिथे चक्क झोपले. झोपू दिलं. अशा ठिकाणी पोरगं झोपलं की पैसे वाया गेले असं पालकांना वाटतं. मला वाटतं, ती झोपच पुढचे चार तास चालवते.

गट मी वर्गाप्रमाणे केले नव्हते, उंचीप्रमाणे केले होते, म्हणजे राइडच्या दारातून कोणी परत फिरायला नको. घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, सगळ्यात लहान लेकरू आणि सगळ्यात म्हातारं माणूस धरून दिवस आखा, बाकीचे आपोआप बसतात. हे मी आज सांगतो आहे. त्या दिवशी मी तो उंचीचा गट गुपचूप केला होता.

आणि दुसरी चूक शाईची. हरवलं तर सापडावं म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर मी शाईपेनने माझा मोबाइल नंबर लिहिला होता. मोठ्या अभिमानाने. राजासॉरसची होडी शेवटी उंचावरून पाण्यात घसरते आणि सगळे चिंब होतात. होडीतून उतरून पोरं ओल्या हातांनी एकमेकांची तोंडं पुसत होती, तेव्हा बेचाळीस मनगटांवर निळे ओघळ होते. नंबर चिठ्ठीवर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात, खिशाला सेफ्टी पिन. हे पाणी बघितल्यावर सुचलं. तसंच ही राइड ऊन असताना करा. संध्याकाळी ओले झालात तर बसमध्ये दातांचा ताशा वाजतो. एक जोड कपडे लागतातच. ते आमच्याकडे होते, पण बसमध्ये, स्वेटरच्या शेजारी.

बारक्याने ही राइड दोनदा केली. दुसऱ्यांदा उतरला तेव्हा म्हणाला, ‘‘सर, यानं आपल्याले खाल्लं असतं?’’ आपल्याले म्हणजे आयसिसॉरसला. मी म्हटलं, पिल्लू असतं तर खाल्लं असतं.

चारच्या पुढे कोस्टरकडे गेलो. तिथे उंचीची पाटी होती. सदतीस जण आत गेले, पाच जण पाटीखाली थांबले. बारक्या रेषेला चार बोटं कमी पडला. त्याने टाचा उचलल्या, कर्मचाऱ्याने हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला केलं. त्याचं काही चुकलं नाही. वरच्या पट्ट्या उंचीच्या हिशेबानेच बसवलेल्या असतात, त्यातून लहान अंग निसटू शकतं. तिथे वाद घालणारे आई-बाप मी त्याच दिवशी दोन पाहिले. लेकराचं वय सांगत होते. यंत्राला वय कळत नाही.

आम्ही सहा जण बाकावर बसलो. वरून किंकाळ्या येत होत्या. बारक्या माझ्याकडे न बघता म्हणाला,

‘‘सर, तुमी त्या दिवशी मोजलं होतं नं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग तवाच काहून नाही सांगतलं? म्या घरी सांगून आलो का नायट्रोत बसतो म्हणून.’’

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी इकडंतिकडं काहीतरी बोललो, मग म्हटलं, थांबा, ऊसाचा रस मिळतो का बघतो. रस नव्हता. सरबताचे पाच ग्लास घेऊन परतलो तर बाकावर चारच जण.

पोरगं हरवणं म्हणजे काय, ते मी कागदावर बऱ्याचदा लिहिलं आहे, प्रस्तावात, संमतीपत्रात. प्रत्यक्षात तोंड कोरडं पडतं आणि पहिल्यांदा आठवतो तो त्याच्या बापाचा चेहरा, ओटीवर बसून पैसे मोजणारा. मनगटावरचा नंबर धुतला गेला होता. भेटायची जागा ठरवली होती, पण मी ती निवडली होती दाराजवळच्या एका देखाव्यापाशी, जिथे सगळ्या जगाचे लोक फोटो काढत होते. भेटायची जागा साधी असावी, सावलीची, बसता येण्यासारखी. पोरगं तिथे अर्धा तास एकटं बसू शकलं पाहिजे. चार जणांना मॅडमकडे सोपवून मी आधी तिथे धावलो. नाही. स्वच्छतागृह. नाही. कर्मचाऱ्याला सांगितलं, त्याने वायरलेसवर कळवलं, शर्टाचा रंग विचारला. मला शर्टाचा रंग आठवेना. सकाळी दारात सगळ्यांचा एक फोटो मोबाइलवर काढला असता तर तेवढा तरी दाखवता आला असता.

मग माझ्या उशिरा लक्षात आलं. मी राजासॉरसकडे गेलो.

रांग आता छोटी होती. तिच्या मध्यावर बारक्या उभा होता आणि त्याच्याभोवती एक कुटुंब, आई-बाप, दोन पोरी आणि एक आजीबाई. बारक्या हातवारे करत होता.

‘‘हा गुजरातचा हाये जी. आमच्याकडचा गवत खाते. त्याचं शेण सापडलं, त्यात गवत भेटलं. म्हणून समजलं.’’

‘‘अरे, पण शेण इतकी वर्षं टिकतं?’’ आजीबाई म्हणाल्या.

‘‘दगड होते नं, आजी. म्या आणलं होतं. गेटवर ठेवून घेतलं.’’

‘‘आम्हाला नाही दाखवलंस!’’

मी हाक मारणार होतो. रागही तयार होता. पण त्या दोन पोरींपैकी धाकटीने त्याला विचारलं, ‘‘तू किती वेळा बसलास?’’ आणि तो म्हणाला, ‘‘हे तिसऱ्यांदा. आमच्या घरचाच हाये म्हटलं तर.’’ मी वायरलेसवाल्याला सापडल्याचं कळवायला लावलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढच्या होडीत मीही भिजलो. माझेही कपडे बसमध्ये होते.

उतरल्यावर त्याने मला पाहिलं, घाबरला. मी म्हटलं, ‘‘न सांगता जायचं नाही, बाबू.’’ तो म्हणाला, ‘‘तुमीबी नाही सांगतलं.’’ मग दोघंही गप्प चाललो. कोस्टरवरून सदतीस जण उतरले होते. अर्ध्यांचे चेहरे पांढरे, दोघांना उलटी, एकाची चप्पल सापडत नव्हती. त्यातला एक सगळ्यात उंच पोट्टा बारक्याला म्हणाला, ‘‘बरं झालं बे तू नाही आला.’’ बारक्याला ते पटलं नसावं.

अंधार पडता पडता दाराकडे निघालो. मोजणी तीनदा केली. टेबलापाशी सकाळचेच पहारेकरी होते. दगड वहीच्या नोंदींवर दाबून ठेवलेला होता, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. त्यांनी तो उचलला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मास्तर, खरं सांगा, हे काय आहे?’’

मी सांगितलं. पिजदुरा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, गवत, सगळं.

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. ‘‘अहो, दिवसभर हात लावतोय मी याला. दुपारी डबा याच हाताने खाल्ला.’’

‘‘वास नाही येत जी,’’ बारक्या म्हणाला. ‘‘पाहा पाहिजे तर.’’

पहारेकऱ्यांनी इकडंतिकडं बघितलं, दगड हळूच नाकापाशी नेला, आणि मग स्वतःच्या हाताने बारक्याच्या पिशवीत नीट ठेवून दिला.