आमची वाटचाल : लॅबमध्ये अडकलेलं निगेटिव्ह

चित्रपटनिर्मितीची संस्था काढली तेव्हा आमच्याकडे एक पटकथा होती आणि एक भागीदार, ज्याचा स्वतःचा कॅमेरा होता. अ‍ॅरीफ्लेक्स १६ एसआर २, १६ मिमी फिल्मचा; त्याचं गेट, म्हणजे फिल्मवर चित्र उमटतं ती खिडकी, सुपर १६ च्या जास्त रुंद चित्रासाठी रुंद करून घेतलेलं. सोबत झाइसच्या सुपर स्पीड लेन्स, टी १.३ पर्यंत उघडणाऱ्या, म्हणजे अगदी कमी उजेडातही चालणाऱ्या. एका टेबललॅम्पच्या उजेडात त्याने टिपलेला चेहरा मला आजही कुठल्याही महागड्या लाइटिंगपेक्षा खरा वाटतो.

३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण परवडणारं नव्हतं. सुपर १६ वर करायचं आणि शेवटी ३५ वर ब्लो-अप, म्हणजे मोठी केलेली प्रत, काढायचा, ही पहिली तडजोड. साउंडट्रॅकची कडेची जागाही चित्राला मिळाल्यामुळे १.६६ ची चौकट (उंचीच्या १.६६ पट रुंद) हाती येते, १.८५ च्या पडद्यासाठी वरखाली फारसं कापावं लागत नाही. ब्लो-अपमध्ये ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, दिसणार हे माहीत होतं, म्हणून भिंतींचे आणि कपड्यांचे रंग त्या ग्रेनला मानवतील असेच घेतले. कॅमेऱ्यावरचं ४०० फूट फिल्मचं मॅगझिन सेकंदाला २४ फ्रेमने ११ मिनिटांत संपतं, तेव्हा तालमी भरपूर आणि टेक मोजके. पटकथेतला रात्रीचा पावसातला पाठलाग आम्ही सोडला. तो प्रसंग एका बंद खोलीत, दाराबाहेरच्या पावलांच्या आवाजावर उभा केला. दिग्दर्शक आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हता. आवाजात मात्र काटकसर केली नाही. नागरा ४.२ हा टेपरेकॉर्डर, लांब काठीवरचा माइक धरणारा चांगला बूमवाला आणि प्रत्येक लोकेशनचा रूम टोन, म्हणजे तिथल्या शांततेचा आवाज. नवीन मुलांना सांगतो, कॅमेरा भाड्याने स्वस्तातला घ्या, पण ध्वनिमुद्रकाच्या मानधनात घासाघीस करू नका. चित्रातली उणीव प्रेक्षक शैली म्हणून स्वीकारतो, न कळणारा संवाद तो कधीच माफ करत नाही.

फायनान्सरचे पैसे हप्त्यांनी येणार होते, शेवटचा हप्ता रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा मसुदा, पाहिल्यावर. स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर, रफ कट पाहून गृहस्थ म्हणाले, शेवट बदला, मुलगी घरी परतली पाहिजे. आमच्या कथेत ती परतत नाही, आणि पहिल्या दृश्यापासून सगळी मांडणी त्याच दिशेने चाललेली आहे. पाऊस सोडून दिला, गर्दीचे प्रसंग सोडून दिले, चित्रीकरणाचे दिवस कमी केले. शेवट सोडला नाही. हप्ता थांबला.

फिल्म धुऊन प्रिंट काढणाऱ्या लॅबची रीत तेव्हा या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. बिल चुकतं होईपर्यंत निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाची मूळ फिल्म, त्यांच्या ताब्यात. वर्कप्रिंटवर, म्हणजे कामापुरत्या प्रतीवर, संकलन पूर्ण झालेलं, पण त्याबरहुकूम मूळ निगेटिव्हचं कटिंग नाही, म्हणजे प्रिंट नाही, म्हणजे चित्रपटच नाही. कार्यालयाचं भाडं थकलं, माणसं दुसरीकडे कामाला लागली. तेवढ्यात कळलं की त्याच फायनान्सरने पैसा एका मोठ्या कंपनीकडे वळवलाय. विषय आमचाच, घर तसंच, मुलगी तशीच. फक्त ती शेवटी परतते. त्यांच्या दिग्दर्शकाला आमचा रफ कट दाखवला गेला होता. त्यांचा चित्रपट आधी लागला, आणि तुमचा त्यांच्यासारखा का वाटतो, हा प्रश्न मी अजून ऐकतो. म्हणून क्रम इथे लिहून ठेवतोय. आधी आमचा रफ कट, मग त्यांची पटकथा.

भागीदाराने कॅमेरा विकला, लेन्ससकट. मला विचारलं नाही, लॅबची पावतीच टेबलावर आणून ठेवली. छायालेखकाने स्वतःचा कॅमेरा विकणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पुढे तो भाड्याच्या कॅमेऱ्यावर दुसऱ्यांची कामं करत राहिला, आणि ब्लो-अपच्या ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेड जुळवायच्या कामाला, रात्री माझ्या शेजारी येऊन बसत होता. चित्रपट पूर्ण झाला, लिहिला होता त्याच शेवटासह. निर्माता म्हणून त्याचं नाव माझ्या आधी आहे.

नंतरची वर्षं माहितीपट, प्रशिक्षणपट आणि आणखी दोन चित्रपटांची. पगार वेळेवर झाले.

मानधन मागाहून द्यायचं ठरवत असाल तर पैसे परत येण्याचा क्रम करारात नीट वाचा. आधी वितरकाचं कमिशन, मग त्याचा खर्च, मग गुंतवणूकदार, आणि उरलं तर कलाकार-तंत्रज्ञ. खर्चाला कमाल मर्यादा लिहून घेतली नाही तर प्रसिद्धीची बिलं वाढत जातात आणि शेवटच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. आम्ही थकीत मानधन निर्मात्याच्या वाट्याच्या आधी लिहितो. पार्श्वसंगीतासाठी तयार गाणं घेत असाल तर फक्त महोत्सवांपुरते हक्क स्वस्तात मिळतात, पण व्यावसायिक प्रदर्शनाचा दर त्याच दिवशी लिहून घ्या. चित्रपट गाजल्यावर तो दर हक्कदार ठरवतो.

अंतिम कट, म्हणजे चित्रपटाच्या शेवटच्या संकलनावरचा अधिकार, कुणाचा, हे आमच्या करारातलं पहिलं कलम असतं, मानधनाच्याही आधी. सध्याच्या चित्रपटाच्या फायनान्सरने ते काढायला सांगून पाहिलं. ते तिथेच आहे, आणि त्याची सहीही झालीय.