अडीचची वायर

सातारा जिल्ह्यातल्या त्या घराची तक्रार एवढीच होती: हिवाळ्यात रोज बारा-तेरा युनिट देणारं सोलर एप्रिलमध्ये सात-आठवर आलंय. ५४० वॉटचे ६ पॅनेल, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर, सगळं गोठ्यावर. आधी दोघं येऊन पॅनेल धुवायला सांगून गेलेले. त्यामुळे घरातला मुलगा भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारत होता. आधी ते थांबवलं. काच तडकते अशाने. धुवायचं तर उजाडताना.

धुळीमुळे निर्मिती दिवसभर सारखी कमी दिसते. इथे अ‍ॅपमधला आलेख साडेदहापर्यंत गुळगुळीत चढत होता आणि पुढे तीनपर्यंत नुसते करवतीचे दात. इन्व्हर्टर बंद पडत होता, मिनिटभर थांबून परत लागत होता. एकामागून एक जोडलेल्या सहा पॅनेलच्या साखळीला, म्हणजे स्ट्रिंगला, २२० व्होल्ट होते. पत्र्यावर तापलेल्या पॅनेलकडून एवढेच मिळतात, त्यात बिघाड नाही.

खरा धागा वहिनींनी दिला. "दादा, गिरणी चालू असली की हा बंद नाही पडत."

मग मल्टीमीटर घेऊन दोन्ही टोकं मोजली. सोलर बंद असताना दोन्हीकडे २३९. सोलर पूर्ण जोरात, म्हणजे ११ अँपिअर देत असताना घराच्या मीटरवर २४२ आणि गोठ्यात इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २५४. इन्व्हर्टरची मर्यादा २५३, त्यावर गेलं की तो स्वतःच बंद होतो. गिरणी लागली की मीटरवरचं व्होल्टेज व्होल्टभर उतरायचं आणि इन्व्हर्टर जेमतेम तग धरायचा.

गोठा ते मीटर ४५ मीटर, आणि टाकली होती अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, अ‍ॅल्युमिनियम वायर. तेवढ्या बारीक वायरीतून वीज मीटरकडे ढकलायला इन्व्हर्टरला आपल्या टोकाचं व्होल्टेज चढवावं लागतं. जाऊन-येऊन ९० मीटरला साधारण १.१ ओहम, ११ अँपिअरला १२ व्होल्ट तिथेच चढतात. वायर तापत नाही, जळत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. हिवाळ्यात दिवसाच्या पंपांमुळे गावचं व्होल्टेज खाली असायचं, म्हणून तेव्हा निभावलं असणार.

अशा वेळी बरेच जण इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये मर्यादा २६५ करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याच लाइनवर गोठ्यातले दिवे आणि कडबाकुट्टीची मोटर आहे. चढलेलं व्होल्टेज त्यांनी का सोसायचं? दहाची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबल टाकली, तांब्याच्या टर्मिनलला बायमेटॅलिक लग, म्हणजे तांबं-अ‍ॅल्युमिनियम जोडणारी टोकं, लावले. चढ ३ व्होल्टवर आला, इन्व्हर्टरवर २४५. दुसऱ्या दिवशी १३ युनिट. बसवतानाच ही केबल टाकली असती तर त्या घराचे हे महिने वाया गेले नसते.

पण त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या आणखी दोन घरांनी सोलरसाठी अर्ज केलाय. तीनही घरं दुपारी वीज लाइनवर सोडू लागली की मीटरवरचे २४२ वर सरकणार, आणि ते माझ्या केबलने उतरणार नाहीत. ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, वीज कंपनीच्या हातात. म्हणून मीटरशेजारी एक वही टांगून आलोय. मुलगा रोज दुपारी एक वाजता व्होल्टेज लिहितो.