अल्टरनेटर खोलण्याआधी

गाडी चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, की पुष्कळ जण आधी बॅटरी बदलतात, आणि तरीही दिवा विझला नाही, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र, बदलतात. या क्रमाला माझा आक्षेप आहे. तो दिवा बॅटरीची नव्हे, तर चार्जिंगची तक्रार सांगत असतो. आणि चार्जिंगच्या वाटेवर बॅटरी व अल्टरनेटर यांच्याखेरीज बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, जाड वायर, फ्यूज, अल्टरनेटरच्या पाठीवरचा छोटा कनेक्टर आणि इंजिन ते बॉडी अशी अर्थिंगची पट्टी एवढी मंडळी असतात. दोष यांपैकी कोणाचाही असू शकतो, आणि तो नेमका कुठे आहे हे एका साध्या मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणाने) बऱ्याच अंशी ठरवता येते.

अल्टरनेटरच्या आत काय चालते हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची पुली बेल्टच्या साहाय्याने अल्टरनेटरची पुली फिरवते, आणि ही दुसरी पुली आकाराने बरीच लहान असल्यामुळे अल्टरनेटरचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरतो. रोटरवर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला दोन कार्बन ब्रश आणि दोन स्लिप रिंग यांच्यामार्फत काही अँपिअर प्रवाह मिळतो आणि त्याचे विद्युतचुंबक होते. हे चुंबक फिरू लागले, की भोवतीच्या स्थिर स्टेटरमध्ये तीन फेजची एसी (सतत दिशा बदलणारी) वीज तयार होते, डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिचे डीसीत (एकाच दिशेच्या विजेत) रूपांतर करतात, आणि रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. पूर्वीच्या गाड्यांत हे काम डीसी डायनॅमो करत असे, परंतु इंजिन आयडलवर (एक्सिलरेटर न दाबता मंद वेगाने चालू) असताना तो पुरेसे चार्जिंग करू शकत नसे. सिलिकॉनचे डायोड परवडण्याजोगे झाल्यावर चित्र बदलले; १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांत अल्टरनेटर येऊ लागला.

आता तपासणीकडे वळू. गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा. साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते, आणि १२ च्या खाली असेल तर पुढची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी ती चार्जर लावून भरून घ्यावी, अन्यथा पुढच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. त्यानंतर इंजिन सुरू करून आयडलपेक्षा थोड्या अधिक वेगावर पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट हे निरोगी चार्जिंगचे लक्षण आहे. आकडा बंद गाडीइतकाच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला, तर चार्जिंग होतच नाही. आणि तो १५ च्या वर चढून तिथेच राहिला, तर रेग्युलेटरने हात टेकले आहेत असे समजावे. हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण त्यात बॅटरीतले पाणी आटते, बल्ब वरचेवर उडतात आणि इलेक्ट्रॉनिक भागांवर विनाकारण ताण येतो. शेवटी हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम सुरू करून पाहावे. व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन पुन्हा १३.५ च्या वर स्थिरावले, तर अल्टरनेटरला भार झेपतो आहे.

नव्या गाड्यांच्या बाबतीत मात्र हे आकडे डोळे झाकून लावू नयेत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर चार्जिंगचा निर्णय बहुधा कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, घेते. बॅटरी भरलेली असताना, विशेषतः वेग घेताना, ते इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग जाणूनबुजून कमी करते आणि ब्रेक मारताना वाढवते. अशा गाडीत १२.९ व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटरला दोष देणे अन्यायाचे होईल. तिथे आधी भार टाकून पाहावे, आणि शंका उरलीच तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) लावून कंट्रोल युनिट किती व्होल्टची मागणी करत आहे ते वाचावे.

चार्जिंग कमी आढळले तरी लगेच पाना-पक्कड हाती घेऊ नये. इंजिन चालू आणि भार टाकलेला असताना मल्टिमीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवावी. तसेच एकदा अल्टरनेटरची बॉडी आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मोजावे. हे करताना सुई आणि मनगटे बेल्टपासून दूर ठेवावीत. दोन्हीकडे व्होल्टचा दहावा-पाचवा भाग एवढाच फरक दिसायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक फरक आढळला, तर वीज तयार होत आहे पण वाटेतच अडते आहे. तेव्हा वायरच्या टोकाचे गंजलेले लग, सैल नट, हिरवट पडलेले टर्मिनल किंवा तुटत आलेली अर्थिंगची पट्टी शोधावी. ही तपासणी फारशी कोणी करत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसे तीच वाचवते.

डायोडचा दोष थोडा लबाड असतो. एखादा डायोड निकामी झाला तरी डीसी व्होल्टेज बऱ्यापैकी ठीक दिसू शकते, पण त्यात एसीची लहर मिसळलेली राहते. गाडी चालू असताना मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावला आणि अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर डायोडवर संशय घ्यावा. स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी शीळ येणे आणि दिवे लुकलुकणे ही त्याचीच लक्षणे होत. गळका डायोड गाडी बंद असतानाही बॅटरीतून उलटा प्रवाह ओढतो. त्यामुळे रात्रीतून बॅटरी उतरत असेल आणि सकाळी थंड इंजिनावरही अल्टरनेटर कोमट लागत असेल, तर नवी बॅटरी घेऊन काही साधणार नाही.

एक जुनी युक्ती मात्र कायमची सोडून द्यावी: चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘चालतो का’ हे पाहणे. बॅटरीचा आधार अचानक गेला, की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि त्यात डायोड, रेग्युलेटर किंवा कंट्रोल युनिट जळू शकते. कोणी कितीही अनुभवाचा दाखला दिला तरी आपल्या गाडीवर हा प्रयोग होऊ देऊ नये.

देखभालीबाबत सांगण्यासारखे फार नाही. बेल्ट आणि टेन्शनर सुस्थितीत ठेवावेत, वरून तेल किंवा कूलंट गळत असेल तर ते आधी थांबवावे, इंजिन धुताना पाण्याचा जोरदार फवारा अल्टरनेटरवर मारू नये. आजचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट जुन्या बेल्टसारखे तडकत नाहीत, तर आतून झिजतात. त्यामुळे भेगा नाहीत एवढ्यावर विसंबू नये. पूर्ण उतरलेली बॅटरी जंप-स्टार्ट करून ती भरण्याचे काम अल्टरनेटरवर सोपवणेही टाळावे, कारण बराच वेळ भरपूर प्रवाह देत राहिल्याने तो फार तापतो.

दोष अल्टरनेटरमध्येच आहे असे ठरले, तरी संपूर्ण बदलणे हा एकच मार्ग नसतो. अनेक मॉडेलांत ब्रश आणि रेग्युलेटर मिळून एकच भाग असतो आणि तो मागचे झाकण काढून दोन-तीन स्क्रूंवर बदलता येतो. बेअरिंग घरघरत असेल तर तेही बदलता येते, मात्र त्यासाठी पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार, लागतो. स्टेटरची तार काळी पडून जळका वास येत असेल किंवा स्लिप रिंगवर खोल चरे पडले असतील, तर दुरुस्तीच्या मागे लागू नये.

बदलताना पहिले काम म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढणे. अल्टरनेटरची जाड वायर बहुतेक गाड्यांत फ्यूजमधून, पण कोणत्याही स्विचशिवाय, थेट बॅटरीला जोडलेली असते, आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो याचा फोटो घ्यावा, टेन्शनर मोकळा करून बेल्ट उतरवावा, आणि मोकळा झालेला टेन्शनर व त्याची पुली त्याच वेळी हाताने फिरवून पाहावी. कनेक्टरची कडी जुन्या प्लास्टिकमुळे सहज तुटते, म्हणून तिथे घाई करू नये. बोल्ट काढल्यावरही अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये अडकून बसतो, कारण त्याच्या कानातले (बोल्ट जातो त्या भोकातले) धातूचे नळीसारखे बुश घट्ट आवळलेले असते; पहारीने ओढण्याऐवजी त्याला थोडे थोडे हलवत बाहेर घ्यावे, आणि नवा बसवण्यापूर्वी त्याचे बुश ठोकून किंचित मागे सरकवावे.

नवा भाग खोक्यातून काढताच जुन्याशेजारी ठेवावा. पुलीचा व्यास व खाचांची संख्या, कनेक्टरचा आकार, कानांमधले अंतर आणि अँपिअरचा आकडा हे सर्व जुळले पाहिजे. जुनी पुली एकाच दिशेने मोकळी फिरणारी असेल तर नवीही तशीच हवी. जाड वायरचा नट पुरेसा आवळून त्यावर रबरी टोपी चढवावी, कारण सैल नट तापतो आणि तो जोड जळू शकतो. बेल्टच्या कडा प्रत्येक पुलीच्या खाचेत बसल्या आहेत हे टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे, निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत शेवटी जोडावे, आणि सुरुवातीला घेतलेली सगळी मोजमापे पुन्हा घ्यावीत. ती समाधानकारक येईपर्यंत जुना अल्टरनेटर दुकानदाराला परत देऊ नये.