तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चला जाणारी बाई लाल बावट्यात कशी?

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. युनियनच्या शिबिरात पोरं विचारतात, ताई तुम्ही रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाता म्हणे, मग मार्क्सचं काय? आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एखादी मावशी हात धरून बाजूला घेते, अगं ते लोक देव मानत नाहीत, तू त्यांच्यात कशी? म्हणजे प्रश्न एकच, ख्रिस्ती श्रद्धा आणि मार्क्सवाद एका माणसात राहतात का. मी आजवर दोन्हीकडे काहीतरी अर्धवट सांगून निघून गेलेय, ते मनाला लागून राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

मी नगर जिल्ह्यातली, श्रीरामपूरकडची. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा आणि कारखान्याचा भोंगा हे दोन्ही आमच्या रक्तात. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गाडीतला ऊस जिथं पडतो आणि पुढं कटरकडे सरकत जातो त्याला कारखान्यात गव्हाण म्हणतात, आणि आमच्या मराठी बायबलात मरियेनं बाळाला गुंडाळून जिथं ठेवलं तीही गव्हाणच. लहानपणी मी हे दोन्ही एकच समजायचे, येशू कारखान्यात जन्मला असं धरून चालायचे.

त्याच गव्हाणीत वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी नववीत होते. फादर घरी आले, अगदी मायेनं आले, आईला म्हणाले देवाची इच्छा, तोच सोसायचं बळ देईल. दुसऱ्या दिवशी युनियनचे एक काका आले, त्यांनी बाजेवर बसून वडिलांना फक्त प्रश्न विचारले, कितवी शिफ्ट होती, यंत्रावर संरक्षणाची जाळी होती का, कुणी काढायला सांगितली. वडील सलग दुसऱ्या शिफ्टला होते आणि जाळी काढून ठेवलेली होती. काका आईला म्हणाले, वहिनी यात देव कुठं आला, जाळी लावली की काम हळू होतं म्हणून काढली. नुकसानभरपाई मिळायला चार वर्षं लागली पण मिळाली. मार्क्सचं नाव मी पुढं खूप वर्षांनी अभ्यासवर्गात ऐकलं, पण तो मला भेटला तो त्या दिवशी, बाजेवर. देवाची इच्छा म्हणून आपण जे पदरात घेतो त्यातलं किती माणसानं हिशोब करून घडवलेलं असतं, हे मला चर्चनं नाही शिकवलं, हे मला कबूल करावं लागतं.

आता ते अफूच्या गोळीचं. धर्म ही अफूची गोळी, हे वाक्य शिबिरात सगळ्यांना पाठ असतं पण १८४४ साली मार्क्सनं ते लिहिलं तेव्हा त्याच्या लगेच आधी तो म्हणतो की धर्म हा पिचलेल्या जीवाचा उसासा आहे, काळीज नसलेल्या जगाचं काळीज आहे. आणि त्या काळी अफू म्हणजे दुखण्यावरचं औषधही होतं. मला याबाबतीत कायम मुंबईच्या गिरणीतल्या बाया आठवतात, त्या तान्ह्या पोराला बाळागोळी द्यायच्या, त्यात अफूच असायची, का तर पोर झोपलं नाही तर गिरणीतली पाळी, म्हणजे शिफ्ट, करता येणार नाही. गोळी वाईटच होती, पोरं त्यानं खंगायची. पण ती बाई मूर्ख नव्हती आणि दुष्ट तर नव्हतीच. तिच्या हातातली गोळी हिसकावून तिला बारा तासांच्या पाळीवर तसंच उभं ठेवणाऱ्याला मी क्रांतिकारक म्हणणार नाही, आणि आपल्या काही कॉम्रेड लोकांचं श्रद्धेशी वागणं मला तसं वाटतं, हे मी त्यांच्या तोंडावर बोललेले आहे.

चर्चमधल्या मावशीला मी वेगळं सांगते. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये काढ, दुसरा आणि चौथा अध्याय, पहिल्या ख्रिस्ती लोकांचं सगळं समाईक होतं. समाईक हा शब्द आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतो, समाईक विहीर असते, समाईक बांध असतो. ते जमिनी विकायचे, पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवायचे आणि मग ज्याला जशी गरज तसं वाटप व्हायचं. १८७५ साली मार्क्स लिहितो, प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे. आणि आपण मरियेचं स्तोत्र म्हणतो त्यात काय आहे, देवानं सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं पाठवून दिलं. तुला आमच्या मोर्चातल्या घोषणा कडक वाटतात, मग हे काय आहे?

पण एवढ्यावर मी जुळतं असं म्हणून टाकलं तर ते खोटं होईल. पोप अकरावे पायस यांनी १९३७ मध्ये साम्यवाद मुळातच चुकीचा आहे असं पत्र काढलं, १९४९ मध्ये साम्यवादी विचार मानून त्याचा प्रचार करणाऱ्या कॅथलिकांना बहिष्कृत करायचा आदेश रोमहून निघाला. आणि तिकडं मॉस्कोत १९३१ मध्ये ख्रिस्त तारणहाराचं अख्खं कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं होतं, कितीतरी पाद्री मारले होते, त्यामुळं चर्चची भीती उगाच नव्हती. पुढं लॅटिन अमेरिकेत पेरूचे फादर गुस्तावो गुतिएरेस वगैरे लोकांनी मुक्तीचं धर्मशास्त्र मांडलं, गरिबांच्या बाजूनं बायबल वाचायचं आणि गरिबी का होते ते समजायला मार्क्सची मदत घ्यायची, तर १९८४ मध्ये रोमनं त्यावरही इशारा दिला की मार्क्सचं विश्लेषण घेतलं की मागोमाग त्याचा नास्तिकपणा आणि वर्गसंघर्षही आत येतो.

माझ्यासाठी हा सगळा वाद दोन माणसांत येऊन थांबतो. एक ऑस्कर रोमेरो, एल साल्वादोरचे आर्चबिशप. त्यांनी सैनिकांना जाहीर सांगितलं की आपल्याच शेतकरी भावांना मारू नका, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० ला, मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यांना मारणारे स्वतःला कम्युनिझमपासून देश वाचवणारे म्हणवत होते. दुसरे फादर येझी पोपियुश्को, पोलंडचे, वॉर्सातल्या पोलाद कामगारांसाठी मिस्सा करणारे, सॉलिडॅरिटी युनियनच्या पाठीशी उभे राहिलेले. त्यांना ऑक्टोबर १९८४ मध्ये पळवून, मारून, विस्तुला नदीच्या पाण्यात टाकलं, आणि ते करणारे होते कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या सरकारच्या गुप्त पोलिसांचे अधिकारी. वय ३७. मी शिबिरात रोमेरोंचं नाव घेतलं की टाळ्या पडतात आणि पोपियुश्कोंचं घेतलं की शांतता होते, चर्चमध्ये बरोबर उलटं होतं, आणि मला या दोन्हीचा फार त्रास होतो कारण दोघंही कामगारांसाठी मेले. आपल्याकडचे फादर स्टॅन स्वामी तर मार्क्सवादी नव्हतेच, झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे जेझुइट संघाचे पाद्री, माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारला, पार्किन्सनमुळं हात थरथरायचे म्हणून तुरुंगात पाणी प्यायला स्ट्रॉ-सिपर मागावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला मुंबईत जामिनाची वाट बघता बघता गेले, वय ८४.

जातीचंही आहे. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे, आमचे निम्मे पाव्हणे आज बौद्ध आहेत. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्सवर भाषण केलं, त्यात मार्क्सचं ध्येय मानलं पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला. मीही तिथंच आहे. पक्ष ठरवेल तेच खरं, हे मी मानू शकत नाही.

आणि यापेक्षाही एक खोल गोष्ट आहे जिथं मार्क्स माझ्यासाठी संपतो. माझी आजी ऊस तोडता तोडता गेली, फडातच, वय चाळीसच्या आत. उद्या समजा शोषण नसलेला समाज आला, शंभर वर्षांनी का होईना, तर त्यात माझ्या आजीचं काय? तिच्या हाडांवर तो उभा राहणार आणि तिला काहीच नाही? मार्क्सकडं मेलेल्यांसाठी न्याय नाही, तो येणाऱ्यांचा विचार करतो. मी पुनरुत्थान मानते ते मरणाची भीती वाटते म्हणून नाही, तर तिचा हिशोब बाकी आहे म्हणून मानते. कडक कॉम्रेड म्हणतात मग तू मार्क्सवादी नाहीस. बरोबर आहे त्यांचं. मी गरिबी का आहे ते मार्क्सकडून शिकले, माणूस कोण आहे ते त्याच्याकडून नाही शिकले.

नाताळ नेमका गळीत हंगामात येतो. मध्यरात्रीच्या मिस्साआधी आम्ही युनियनची चार-पाच जणं ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जातो, ओळखपत्राचे फॉर्म भरून घेतो, मुकादमाकडून किती उचल घेतली ते लिहून घेतो. मागच्या वर्षी एका कोपीत आठ दिवसांचं बाळ होतं, पोत्यावर, चिंधीत गुंडाळलेलं. आई विशीची. मी विचारलं, कामाला कधीपासून जाणार? म्हणाली, आज पहाटं चारला गाडी भरायचीय.