देव न मानता ध्यान

आज गोराईच्या खाडीतून बोटीने विपश्यना पॅगोड्याला जाऊन आले आणि तिथल्या आनापानाच्या, म्हणजे श्वास पाहण्याच्या ध्यानाच्या, छोट्या सत्राला बसले. मी देव मानत नाही, पुनर्जन्मही मानत नाही. तरीही तिथे परके वाटले नाही, कारण सूचना एवढीच होती की नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहावा, त्याला मंत्राची किंवा मूर्तीची जोड देऊ नये. मन वारंवार भरकटत होते, पण आत येणारी हवा गार आणि बाहेर पडणारी कोमट असते, हे आज प्रथमच नीट जाणवले.

विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी 1969 मध्ये मुंबईतच पहिले शिबिर घेतले, तेव्हापासून ही साधना सर्व धर्मीयांसाठी खुली आहे. त्यांच्या विवेचनात पुनर्जन्म येतो, तेवढा भाग मी बाजूला ठेवते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अशाच प्रकारचे सजगतेचे ध्यान दुखणी आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी रुग्णालयात नेले. त्याचा उपयोग मला मान्य आहे, मात्र शील, म्हणजे नैतिक आचरण, वगळून केवळ मनःशांती शिकवणे मला अपुरे वाटते.

म्हणूनच बाबासाहेबांची मांडणी मला अधिक जवळची वाटते. आत्मा आणि ईश्वर नाकारूनही त्यांनी नीतीला धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले आणि दुःखाची मुळे शोषणातही दाखवली. बोरिवली-दादर परिसरात अशा दृष्टीने एकत्र ध्यानाला बसणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.